आय-सेव्हनचे कोटेशन आणि जळगावचा मे महिना

२०२४ च्या मे महिन्यात बारावीचा निकाल लागला आणि दुसऱ्याच दिवशी जळगावहून भाच्याने मला एका कागदाचा फोटो पाठवला. गेमिंगसाठी संगणक घ्यायचा म्हणून त्याने एका दुकानातून कोटेशन आणले होते. कोअर आय-सेव्हन १२७००एफ प्रोसेसर, एच६१० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी रॅमची एकच पट्टी, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, ५१२ जीबीची एसएसडी, समोर अखंड काच आणि सहा रंगीत पंखे असलेले कॅबिनेट आणि सगळ्यात शेवटी, ऐनवेळी आठवले म्हणून लिहिल्यासारखे, 'एसएमपीएस ५०० वॅट'. त्या शेवटच्या ओळीत, म्हणजे संगणकाच्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याच्या ओळीत, कंपनीचे नाव नव्हते. फोटोखाली भाच्याने लिहिले होते, "मामा, आय-सेव्हन आहे! घेऊ ना?"

मी लगेच नको म्हणालो नाही, कारण त्या यादीत बोट ठेवून चूक दाखवावी असे काही नव्हते. प्रोसेसर बोर्डावरच्या त्याच्या जागेत, म्हणजे एलजीए १७०० सॉकेटमध्ये, बसणार होता, रॅम चालणार होती, कार्डाला स्लॉट होता. बटण दाबल्यावर संगणक सुरू झाला असता यात शंका नाही. पण सुटे भाग एकमेकांत बसणे वेगळे आणि एकमेकांना साजेसे असणे वेगळे. पत्रिकेत छत्तीस गुण जुळूनही संसार धड होत नाही, तशातलाच हा प्रकार होता. प्रोसेसर २०२२ सालचा, आठ मोठ्या आणि चार छोट्या कोअरचा (कोअर म्हणजे स्वतंत्रपणे हिशोब करणारा भाग), व्हिडिओ संपादनाचे जड काम सहज पेलणारा. आणि त्याच्या जोडीला कार्ड मात्र २०१९ च्या एप्रिलमध्ये आलेले, ४ जीबी मेमरीचे, त्या काळीही खालच्या पायरीवरचे.

हे भाच्याला समजावताना मी ताईच्या स्वयंपाकघराचा आधार घेतला. पोळ्यांचा घाट मोठा असला की एक जण लाटतो आणि दुसरा भाजतो. खेळातले प्रत्येक चित्र, म्हणजे फ्रेम, असेच दोन हातांतून जाते. कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, भिंत कोसळली की नाही, हे सारे ठरवून काय काय काढायचे याची यादी प्रोसेसर करतो आणि त्या यादीवरून प्रत्यक्ष चित्र ग्राफिक्स कार्ड रंगवते. लाटणारा कितीही चपळ असला तरी तवा लहान असेल, तर लाटलेल्या पोळ्या तशाच पडून राहतात. रेझोल्यूशन, म्हणजे पडद्यावरच्या पिक्सेलची संख्या, वाढवले की लाटण्याचे कष्ट जवळपास तेवढेच राहतात, भाजण्याचा वेळ मात्र वाढत जातो. म्हणूनच 'तुमच्या जोडीचा बॉटलनेक अमुक टक्के', म्हणजे एकापायी दुसरा इतका अडतो, असे छातीठोक सांगणाऱ्या संकेतस्थळांवर माझा काडीचा विश्वास नाही. तीच जोडी व्हॅलोरंट खेळताना प्रोसेसरपाशी अडते आणि सायबरपंक २०७७ मध्ये रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून उजेड-सावल्या रंगवणे, चालू केले की कार्डापाशी अडते. इतकेच काय, एकाच खेळात गर्दीच्या चौकात आणि रिकाम्या बोळात अडण्याची जागा बदलते.

मी त्याला विचारलेला पहिला प्रश्न मात्र प्रोसेसरचा नव्हता आणि कार्डाचाही नव्हता. मॉनिटर कोणता, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "जुना आहे ना घरी, तोच लावू." तो जुना मॉनिटर मला माहीत होता: १३६६ बाय ७६८ पिक्सेलचा, ६० हर्ट्झचा, ताईने कधीकाळी कार्यालयीन कामासाठी घेतलेला. ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलू शकतो. आय-सेव्हनने सेकंदाला २०० फ्रेम तयार करून दिल्या असत्या, तरी उरलेल्या १४० पडद्यावर पूर्ण कधीच आल्या नसत्या. कोटेशनमध्ये मॉनिटरच नसणे हा त्यातला खरा दोष होता, कारण संगणकावर किती ओझे पडणार हे पडदा ठरवतो. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, २५६० बाय १४४० वर ३६.९ लाख आणि फोर-के पडद्यावर ८२.९ लाख, म्हणजे १०८० वरून फोर-केवर गेल्यास कार्डाला प्रत्येक फ्रेमसाठी बरोबर चौपट रान नांगरावे लागते. दुसरीकडे हर्ट्झ वाढले की वेळ कमी मिळतो. ६० हर्ट्झला एका फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद हाताशी असतात, १४४ हर्ट्झला केवळ ६.९, आणि तेवढ्यात लाटणारा आणि भाजणारा या दोघांनाही आपापले काम उरकावे लागते. भाचा मित्रांबरोबर रोज व्हॅलोरंट खेळणार होता आणि सुट्टीत एकट्याने खेळायचे दोन-चार भारी खेळ त्याच्या मनात होते. ताईने मॉनिटरसह ८० हजारांची मर्यादा घातली होती. तेव्हा १०८० पिक्सेल, १४४ हर्ट्झ, २४ इंच हे पहिले ठरले आणि मग त्यावरून आम्ही मागे मागे येत गेलो.

कार्ड म्हणून आरटीएक्स ४०६० ठरायला वेळ लागला नाही. २०२३ च्या जूनमध्ये आलेले हे कार्ड ८ जीबी मेमरीचे असून त्याला ११५ वॅट पुरतात, आणि १०८० साठी तेवढी ताकद पुरेशी होती. तरी अध्येमध्ये भाच्याच्या एका मित्राने त्याच्या डोक्यात वेगळेच भरवले: रायझन ५ ५६००जी घ्यायचा, त्याबरोबर आरएक्स ६५०० एक्सटी घ्यायचे आणि वाचलेल्या पैशांत मोठे कॅबिनेट घ्यायचे. ही जोडी कागदावर निरुपद्रवी दिसते, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. ६५०० एक्सटी या कार्डाचा कनेक्टर स्लॉटमध्ये ऐटीत बसतो, पण आत पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातल्या रस्त्याच्या, चारच लेन जोडलेल्या असतात. चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसवर त्या चार लेनमधून एका दिशेने सेकंदाला सुमारे ८ जीबी माहिती जाते. तिसऱ्या पिढीवर तीच निम्मी, सुमारे ४ जीबी. आता ५६००जी हा प्रोसेसर चौथ्या पिढीच्या बोर्डावर बसवला तरी स्वतः तिसऱ्या पिढीच्याच लेन देतो. कार्डावरची मेमरी ४ जीबीच असल्यामुळे आजच्या खेळांत ती चटकन भरते, मग उरलेली टेक्स्चर्स, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रे, संगणकाच्या रॅममधून त्याच अरुंद वाटेने आणावी लागतात आणि नेमका त्याच क्षणी खेळ अडखळतो. त्यात ५६००जीची एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, १६ एमबी, तर साध्या ५६०० ची ३२ एमबी. नावातल्या एका अक्षराने एवढा फरक पडतो हे दुकानात कुणी सांगत नाही. आरटीएक्स ४०६० सुद्धा आठच लेन वापरते, पण जुन्या बोर्डावर त्याचे नुकसान थोडक्यात निभावते.

प्रोसेसर म्हणून साधा रायझन ५ ५६०० घेतला: सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॅट. कोअर आय-फाइव्ह १२४००एफ घेतला असता तरी मी हरकत घेतली नसती; दोघांत डावे-उजवे करण्यासारखे फारसे नाही आणि त्या आठवड्यात बोर्डासह ज्याची किंमत कमी, तो घ्यावा. भाच्याने रायझन बनवणाऱ्या एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटचा आग्रह धरला होता आणि त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते, कारण ५६०० ज्यात बसतो त्या एएम४ चा रस्ता पुढे फार जात नाही आणि एएम५ ला २०२७ पर्यंत किंवा त्यापुढेही नवे प्रोसेसर येत राहतील असे एएमडीने जाहीर केले आहे. परंतु एएम५ वर डीडीआर५ रॅमच चालते, बोर्डही महाग, आणि तो जास्तीचा खर्च शेवटी कार्डातूनच कापावा लागला असता.

बोर्ड निवडताना मी जरा हट्टी झालो, त्यामागे स्वतःचा अनुभव आहे. २०२१ च्या पावसाळ्यात मी माझ्यासाठी बी४५० चिपसेटचा बोर्ड आणि रायझन ५ ५६००एक्स घेतला. दोन्हींचे सॉकेट एएम४, पिना सारख्या, सगळे व्यवस्थित बसले. बटण दाबले, पंखे फिरले, दिवे लागले आणि पडदा काळाच राहिला. रॅम काढून घातली, केबल बदलली, जुने जीटीएक्स १०५० टीआय कार्ड पुसून पुन्हा बसवले आणि अर्धी रात्र अशी घालवल्यावर लक्षात आले की बोर्डातले बायॉस, म्हणजे संगणक सुरू करून देणारा मूळ प्रोग्राम, त्या प्रोसेसरपेक्षा जुने आहे. त्याला समोर कोण बसले आहे हे ओळखताच येत नव्हते. बायॉस अद्ययावत करायचे तर संगणक सुरू व्हायला हवा, आणि संगणक सुरू व्हायचा तर बायॉस अद्ययावत हवे. शेवटी दुकानदाराने, थोडी कुरकुर करत, जुना रायझन बसवून ते काम करून दिले. तेव्हापासून प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून बायॉस भरता येईल असे बटण मागच्या बाजूला असलेलाच बोर्ड मी सुचवतो. भाच्यासाठी बी५५० चिपसेटचा असा बोर्ड मिळाला आणि त्यात पीसीआय एक्सप्रेसची चौथी पिढीही आली.

रॅमच्या बाबतीत एकच सांगणे: १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घ्याव्यात. डीडीआर४ ३२०० ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती पुरवू शकते, दोन वेगवेगळ्या चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या वेगळ्या वाटांवर, लावल्या की ५१.२. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेले असते आणि मॅन्युअल कुणी वाचत नाही. माझ्या संगणकात ३२०० ची रॅम आठ महिने २१३३ वर धावत होती, कारण बायॉसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करायचे मी विसरलो होतो. (२०२५ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली की रॅमचे भाव कुठल्या कुठे गेले, त्या डिसेंबरात मायक्रॉनने आपला क्रुशल हा सामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करण्याची घोषणाही केली. आज कुणी हाच हिशोब मांडेल तर रॅमचा आकडा निराळाच येईल.) एसएसडीविषयी फार लिहावे असे काही नाही: १ टीबीची, एनव्हीएमई या जलद प्रकारची घ्यावी, कारण आजचे मोठे खेळ एकेकटेच शंभर जीबीच्या पुढे जातात.

आता त्या शेवटच्या ओळीकडे येतो. एसएमपीएसच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या वॅटला अर्थ नसतो. अर्थ असतो तो बाजूला चिकटवलेल्या तक्त्यातल्या १२ व्होल्टच्या रकान्याला. प्रोसेसर आणि कार्ड आपली जवळपास सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. त्या रकान्यात २५ अँपिअर लिहिलेले असतील तर तो एसएमपीएस आमच्या कामासाठी ३०० वॅटचा, मग खोक्यावर ५०० लिहिलेले असो की ६००. ८० प्लसचा शिक्का असणे चांगले, पण तो फक्त कार्यक्षमता सांगतो. आतले कपॅसिटर किती टिकाऊ आहेत किंवा शॉर्ट झाल्यावर तो स्वतः बंद पडतो की बोर्डाला बरोबर घेऊन जातो, हे तो शिक्का सांगत नाही. भाच्याच्या संगणकाचा हिशोब असा: कार्ड ११५ वॅट, प्रोसेसर जास्तीत जास्त ८० च्या आसपास, बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून ५० ते ६०, एकूण २४५-२५५. त्यावर आम्ही नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ शिक्क्याचा एसएमपीएस घेतला, कारण कार्डे क्षणार्धासाठी आपल्या ठरलेल्या वॅटच्या बरीच वर उसळी मारतात आणि पुढे कधी मोठे कार्ड आलेच तर एसएमपीएस बदलावा लागू नये.

याच हिशोबाचा पुढचा भाग यूपीएसचा आहे आणि आपल्याकडे तो टाळता येत नाही. ताईच्या घरी ६०० व्हीएचा यूपीएस होता. हा ६०० आकडा वॅटचा नव्हे. अशा छोट्या यूपीएसचा पॉवर फॅक्टर, म्हणजे व्हीएतला वॅट म्हणून मिळणारा वाटा, बहुधा ०.६ असतो, म्हणजे प्रत्यक्षात ३६० वॅट. एसएमपीएसमध्ये वाया जाणारी वीज आणि मॉनिटर धरून आमची मागणी ३३० च्या घरात जात होती, म्हणजे पाण्याचा पेला काठोकाठ भरलेला. शिवाय स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर खरी साइन लहर देत नाहीत, पायऱ्यापायऱ्यांची देतात, आणि पॉवर फॅक्टर सुधारणारे अॅक्टिव्ह पीएफसी सर्किट असलेले काही एसएमपीएस ती लहर पाहून तत्क्षणी बंद पडतात. यूपीएस असूनही वीज गेली की संगणक बंद, ही तक्रार पुष्कळदा इथून येते. आम्ही १००० व्हीएचा, ६०० वॅटचा यूपीएस घेतला आणि विकत घेण्यापूर्वी दुकानातच मुख्य वायर उपटून पाहिली.

आणि मग जळगाव. पुण्यात बसून यादी करणाऱ्याला ही गोष्ट सुचत नाही, पण मे महिन्यात तिथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दुपारी खोलीत ४० असणे हे काही नवल नव्हे. हवेने थंड होणारा कोणताही भाग खोलीच्या तापमानावर काही अंश चढून स्थिरावतो. एखादा कूलर भरपूर कामात प्रोसेसरला खोलीपेक्षा ४५ अंश वर नेऊन थांबवत असेल, तर २८ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७३ वर असतो आणि ४२ च्या खोलीत ८७ वर, म्हणजे स्वतःचा वेग कमी करून घेण्याच्या उंबरठ्यावर. कोटेशनमधला आय-सेव्हन नावाला ६५ वॅटचा असला तरी जोर लावताना १८० वॅटपर्यंत जातो, आणि स्वस्त एच६१० बोर्डांवर त्याला वीज पुरवणाऱ्या भागांवर अनेकदा अॅल्युमिनियमची साधी पट्टीही नसते. समोर काच असलेल्या कॅबिनेटमध्ये हवा आत येणार कुठून? सहा पंखे असले तरी तीच गरम हवा घुसळत बसणार. आम्ही समोर जाळी असलेले, पुढून दोन पंखे हवा आत घेणारे आणि मागून एक बाहेर टाकणारे साधे कॅबिनेट घेतले आणि प्रोसेसरबरोबर मिळालेला छोटा कूलर बाजूला ठेवून १५५ मिलिमीटर उंचीचा टॉवर कूलर बसवला. कॅबिनेटची मर्यादा १६० होती. पाच मिलिमीटर हा माझ्या मते या सगळ्या खरेदीतला सर्वात महत्त्वाचा आकडा होता. घरातल्या दुसऱ्या कूलरविषयीही, म्हणजे खस लावलेल्या त्या मोठ्या कूलरविषयी, ताकीद द्यावी लागली, कारण भाच्याने संगणकासाठी नेमकी त्याच्या समोरची जागा हेरली होती आणि तो कूलर वाऱ्याबरोबर पाण्याचे तुषारही फेकतो.

जोडणी ताईच्या जेवणाच्या टेबलावर झाली. भाच्याने प्रोसेसर चिमटीत धरला होता, त्याच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवला आणि मी सांगितल्याप्रमाणे नुसता सोडून दिला; दाबायचे नाही, तो स्वतःच्या वजनाने टच्चकन खाली बसतो आणि मगच तरफ लावायची. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, एक जरी वाकली तरी सुई आणि भिंग घेऊन बसावे लागते. एसएसडीच्या एम.२ स्लॉटचा तिळाएवढा स्क्रू सतरंजीत पडला आणि तो शोधण्यात जितका वेळ गेला तितका कार्ड बसवण्यातही गेला नाही. प्रोसेसरच्या विजेची आठ पिनांची वायर बोर्ड कॅबिनेटमध्ये घट्ट करण्याआधीच वरच्या कोपऱ्यातून ओवून घ्यावी, हे मला दर वेळी नंतरच आठवते. याही वेळी तसेच झाले आणि चार स्क्रू पुन्हा काढावे लागले.

बटण दाबल्यावर पंखे फिरले, दिवे लागले आणि पडदा काळाच राहिला. मला २०२१ ची रात्र आठवून घाम फुटला. पाच मिनिटे बायॉसच्या नावाने बोटे मोडून झाल्यावर मी सहज मागे पाहिले, तर भाच्याने मॉनिटरची केबल कार्डाला न लावता बोर्डाच्या पोर्टला लावली होती. रायझन ५ ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, त्यामुळे ते पोर्ट मुके. केबल दोन इंच खाली सरकवली आणि चित्र आले. विंडोज बसवल्यावर डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन ६० चे १४४ करायला मी त्याला बसूनच लावले, कारण तेवढे राहिले की मॉनिटरवर घातलेले पैसे वर्षभर झोपून राहतात.

त्या संध्याकाळी सायबरपंकमध्ये कार्ड ९७ टक्के राबत होते आणि प्रोसेसर निवांत होता, व्हॅलोरंट लावल्यावर कार्ड साठीत आले, तेव्हा भाचा हिरमुसून म्हणाला, "मामा, कार्ड पूर्ण चालत नाहीये." मी त्याला कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा वाचायला सांगितला. तो १४४ च्या बराच वर होता. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, पंखाच काय तो चालू ठेवून, तासभर खेळ चालवला तेव्हा प्रोसेसर ८१ अंशांवर जाऊन थांबला.

ताईने सगळे शांतपणे पाहिले आणि मग विजेच्या बिलाचे विचारले. भिंतीतून साधारण ३०० वॅट, रोजचे चार तास धरले तर १.२ युनिट, महिन्याला ३६ युनिट, असा हिशोब मी तिला कोटेशनच्या त्याच कागदामागे मांडून दाखवला.

"युनिटांचं कळलं," ती म्हणाली, "पण रोजचे चार तास कुणी मंजूर केले?"